उताराची नदी

लोबिथ, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय रिंस्के,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कपाळाला आठी घातली असशील, तर ती आधी काढ. मी पैशांसाठी लिहीत नाही, समेटासाठी नाही आणि तुला घरी बोलवायला तर मुळीच नाही. माझं तुझ्याकडे काम आहे. तिथे कॉलेजात मुलांना कसं शिकवायचं ते तू शिकतेस ना? मग तुझ्या आईला अभ्यास कसा करायचा ते शिकव.

झालं हसून? आता ऐक. मला ऱ्हाईनचा परवाना काढायचाय. साधा बोट चालवायचा कागद माझ्याकडे लग्नापासून आहे, पण डोंगरातल्या त्या अरुंद टापूत तो चालत नाही. तिथे नदी तोंडपाठ लागते. टेबलापलीकडे तीन साहेब बसतात आणि विचारतात, अमुक गावाहून निघा, खडक कुठे, पाणी कुठे ओढतं, समोरून बोट आली तर कुठल्या काठाला सरकाल? पुढ्यात नकाशा नसतो. माझ्या हातांना सगळं ठाऊक आहे गं, पण कुणी तोंडावर विचारलं की माझं त-त-प-प होतं.

कशाला हवाय परवाना, असं विचारशील. बाबा ठीक आहेत. डोळ्यांची जरा कटकट आहे, म्हणून डेटमर नावाचा एक जर्मन माणूस काही महिन्यांसाठी ठेवलाय. परवाना त्याच्याकडे आहे. वाईट नाही, पण दिवसभर शीळ घालतो आणि माझ्या वाटाण्याच्या सूपवर साखर भुरभुरतो. तेवढं सोडलं तर आमचं बरं चाललंय.

अभ्यास मी सुरू केलाय. नदीचं पुस्तक तीनदा वाचलं. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या पेन्सिलीने रंगवते. काल बाबा डोकावले आणि म्हणाले, "आल्के, हे पुस्तक पिवळंच छापलंय की तू केलंस?" सगळंच महत्त्वाचं वाटतं, त्याला मी काय करू? वाचताना सगळं कळतं आणि पुस्तक मिटलं की पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी नायमेखनच्या पुलाखालून गेलो. भोंगा वाजवला. दर खेपेला वाजवते; तुझ्या खोलीपर्यंत पोचतो की नाही देव जाणे. बाबा विचारतात, "कुणाला गं?" मी म्हणते, "बदकांना."

हे पत्र लिहिल्याचं त्यांना माहीत नाही. उत्तर लोबिथला डिझेलवाल्या योहानाबाईंकडे पाठव. आपलं टपाल अजून त्याच ठेवतात.

तुझी आई


डुइसबुर्ग, २ मार्च

रिंस्के,

योहानाबाईंनी पाकीट हातात दिलं आणि मी धक्क्यावरच फोडलं. आत कोरा कागद. एक रेघ नाही! बाईंसमोर "हो हो, तिचंच" म्हणत हसले आणि बोटीवर येऊन कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांचं कुणी काही विचारायला नको. इतक्या महिन्यांनी मुलगी पाकीट पाठवते आणि त्यात अबोलाच घडी घालून पाठवते. शोभतेस खरी तुझ्या बापाची, असं म्हटलं मनात. आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही.

कागद शेगडीत घालायला उचलला तर मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात: "पुस्तक मीट. पलीकडे नदी काढ, आठवेल तेवढी. आठवणार नाही तिथे कोरं सोड. बघून भरायचं नाही. परत पाठव. रि."

अगं, ज्या बाजूला माणूस आधी बघतो तिथे लिहायला काय झालं होतं? माझा जीव अर्धा झाला ना.

काढली नदी. सांक्ट गोअरहून वर निघाले. लोरेलायचा कडा काढला. पुढे ओबरवेझेल. तिथले ते सात कुमारिकांचे खडक आठवले, पण कुठल्या काठाला ते आठवेना. काउबचा पाण्यातला किल्ला मात्र झकास काढला, खिडक्यांसकट. त्याच्या कुठल्या अंगाने बोट न्यायची हे काही केल्या सुचेना! लग्न होऊन बोटीवर आले तेव्हापासून तिथून जातेय मी. कॉफी गार झाली, कान गरम झाले. तीनदा वाचलं, रंगवलं, आणि पदरात काय, तर चार गावं आणि एक किल्ला.

सोबत पाठवतेय. किल्ल्याचे गुण नक्की दे.

आई


मानहाइम, २३ मार्च

रिंस्के,

"किल्ला सुंदर. गुण शून्य." वा! मास्तरीणबाईंचं लाल पेन चांगलं चालतं. लहानपणी तुझे दात मी घासून द्यायची, हे लक्षात ठेव.

पण तू म्हणतेस तसं केलंय. चुकलेल्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी, पुढे प्रश्न, मागे उत्तर. सगळ्या चिठ्ठ्या कॉफीच्या डब्यात, तो रोज उघडायचा. बरोबर आलं की चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात, तो आठवड्याने. तिथेही आलं तर बाबांच्या रिकाम्या तंबाखूच्या डब्यात, तो महिन्याने. आणि कुठेही चुकलं की परत कॉफीत. डेटमरने परवा बिस्कीट म्हणून हात घातला आणि त्याच्या हाती लागलं, "बाखाराखच्या बेटाला कुठल्या बाजूने वळसा?" त्याने बिचाऱ्याने उत्तर देऊन टाकलं.

एक मात्र मला पटत नव्हतं. येणारी चिठ्ठी आठवडाभर बंद का ठेवायची? विसरणार नाही का मी? तू लिहिलंस, "थोडं विसरायलाच हवं. कष्टाने आठवलेलं टिकतं." मग रविवारी पावाचं पीठ मळताना डोक्यात प्रकाश पडला. मळलं की लगेच भट्टीत घालत नाही आपण. झाकून ठेवतो, मग परत मळतो. घाईचा पाव बाहेरून चांगला दिसतो आणि आत चिकट असतो. एवढंच ना?

आता तुझा दुसरा प्रश्न. "डोळ्यांची कटकट म्हणजे काय? खरं लिही."

खरं असं की डिसेंबरात बाबा सुकाणूपाशी उभे असताना एकाएकी म्हणाले, "आल्के, डावा काठ कुठे गेला?" दवाखान्यात सांगितलं, डोक्यात बारीकसा रक्तस्राव झाला. चालतात, बोलतात, नेहमीसारखे खेकसतात. पण दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. ताटातले डावीकडचे बटाटे तसेच राहतात. मी गुपचूप ताट फिरवते. त्यांचा परवाना काढून घेतला. डेटमर ऑक्टोबरात जाणार आहे, आणि तोवर घरात दुसरा परवाना आला नाही तर "आन्त्ये" विकायची, असं बाबांनी ठरवलंय. डोर्ड्रेख्टचा एक माणूस येऊन टेप लावून मापं घेऊन गेला. बाबा त्याच्याशी हसून बोलले आणि मग संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

सासूबाईंचं नाव असलेली ही बोट मी आयुष्यभर घासली. कित्येकदा म्हटलं, बुडो ही थेरडी एकदाची. आणि आता जमिनीवरच्या घरात, न हलणाऱ्या पलंगावर झोपायचं म्हटलं की रात्री उठून डेकवर फेऱ्या घालते. बाबांचं तर विचारूच नकोस. बोट गेली तर तो माणूस खिडकीत बसून संपेल. म्हणून परवाना.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू दयेने यावंस असं मला नको होतं.

आई


कोब्लेंझ, ११ मे

लाडके रिंस्के,

कॉफीचा डबा जवळजवळ रिकामा! तंबाखूचा भरत आलाय. परवा मी धुणं वाळत घालता घालता सांक्ट गोअरपासून बिंगेनपर्यंतचा प्रत्येक खडक मोठ्याने म्हटला, एका दमात. शेजारच्या बोटीवरची बाई म्हणाली, "प्रार्थना करताय का?" म्हटलं, हो, तसंच काहीसं.

तू शिकवतेस त्या वर्गातल्या मारिटची गोष्ट वाचून हसले. सातचा पाढा सात एके सातपासून चढत गेली तरच येतो, आणि एकदम सात आठे विचारलं की मान खाली! मला त्या पोरीचा लळाच लागला. तिला म्हणावं, नायमेखनच्या पुलाखालून एक बाई जाते, ती पण तुझ्याच वर्गात आहे.

तू लिहितेस, चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून घे, मधूनच सुरुवात कर, आणि खाली येतानाची नदी वेगळी बसव, "कारण ती तू कधी चालवलेलीच नाहीस." अगं, केलं सगळं. कशी चालवणार होते मी? माल भरून वर जाताना बोट गोगलगायीसारखी चढते, तेव्हा सुकाणू माझ्याकडे आणि बाबा झोपायला. खाली येताना पाणी पाठीमागून ढकलतं, थांबू म्हटलं तरी थांबता येत नाही. तेव्हा बाबा सुकाणूवर आणि मी खाली बटाटे सोलायला. सगळ्याच बोटींवर असंच असतं. पण नदी तीच की. वरून खाली वाचायची, एवढंच. केलंय मी, काळजी नको.

परीक्षा १२ जूनला. बाबा म्हणतात, "काढ हौस फेडून." पण माझे बूट त्यांनीच पॉलिश करून ठेवलेत.

आई


लोबिथ, १५ जून

प्रिय रिंस्के,

परीक्षा पुढे ढकलली. त्यांच्यातला एक साहेब आजारी पडला म्हणे. आता सप्टेंबरात. बरंच झालं, तेवढा वेळ मिळाला.

इकडे हवा छान आहे. स्ट्रॉबेरी आल्यात. डेटमरने त्यावर मीठ घातलं.

गावातून जाताना घराघरावर झेंडे आणि काठीला लटकलेली दप्तरं दिसतात. पास झालेल्या पोरांची. असो.

आई


लोबिथ, १७ जून

रिंस्के,

परवाचं पत्र पेटीत टाकल्यापासून चैन नाही. साहेब आजारी नव्हता. तिघेही ठणठणीत होते. मी नापास झाले.

आधी मी फार छान बोलले. त्यांनी वर जायला सांगितलं, गेले वर. मग मधला चष्मेवाला म्हणाला, "उत्तम. आता बाई, रेती भरलीय, पाणी चढलंय, बिंगेनहून खाली या."

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. बिंगेनच्या पाण्यातला तो उंदीरबुरूज आठवला. त्याच्यापुढे काय? मी मनातल्या मनात पार खाली सांक्ट गोअरला जायची, तिथून वर चढत यायची, हवं ते गाव सापडलं की उलटं फिरवायची आणि मग सांगायची. काठ तर सगळेच उलटे. नदीचा उजवा काठ म्हणजे पाण्याबरोबर खाली तोंड करून उभं राहिलेल्याचा उजवा, हे मला का ठाऊक नाही? पण जन्मभर मी वर तोंड करून चाललेली. लोरेलायचा कडा माझ्या डाव्या हाताला असतो, म्हणून मी बिनदिक्कत सांगितलं, "डाव्या काठाला." तिघांनी एकदम वर पाहिलं. चष्मेवाल्याने पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, एवढ्या वेळात तुमची बोट फुटलीसुद्धा असती."

ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आणखी एक. उताराची नदी बसवली असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. दोनदा बसले होते. काही येईना, चिडचिड व्हायला लागली, मग मी परत चढाची म्हणत बसले. ती येत होती ना! येणारं म्हणण्यात काय सुख असतं गं. वाटतं, केवढा अभ्यास केला आज. तुझी मारिट निदान मान तरी खाली घालते. मी तर सात एके सातच म्हणत होते आणि स्वतःलाच शाबासकी देत होते.

बाबा धक्क्यावर उभे होते. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "चल, सूप गरम आहे." डोर्ड्रेख्टच्या माणसाला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. सप्टेंबरात मी परत बसणार आहे म्हटलं, तर म्हणाले, "उतार हे बाईमाणसाचं काम नाही." मी म्हटलं, "मग शिकव की तू. तुला येतो ना?" तर म्हणे, "मला नदी विचारू नकोस. मला आता अर्धीच दिसते."

काय करू सांग. आणि लाल पेनाने लिहिलंस तरी चालेल.

आई


क्योल्न, २० जुलै

रिंस्के बाळा,

अगं, किती वेळा वाचलं तुझं पत्र! "रडून झालं का? छान. आता कोरी जागा नेमकी कुठे आहे ते कळलं, हे पास होण्यापेक्षा उपयोगाचं आहे. बाबांना शिकव म्हणू नकोस, ते शिकवणार नाहीत. त्यांच्यासमोर चूक बोल. मोठ्याने."

एवढंच! पण तुझ्या बापाला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस.

दोन आठवड्यांपूर्वी बिंगेनहून खाली निघालो. डेटमर सुकाणूवर, बाबा मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेले, हाताची घडी. मी बटाट्यांची परात घेऊन वरच गेले आणि सोलता सोलता डेटमरला म्हटलं, "आता काउब गेलं की लगेच लोरेलाय, नाही का?"

डेटमरने तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

मागून आवाज आला, "आणि ओबरवेझेल काय पाण्यात विरघळलं?"

मी वळले नाही. म्हटलं, "हां, ओबरवेझेल. उजव्या काठाला."

"डाव्या! डाव्या काठाला गं! वीस वर्षं त्या चर्चखालून जातेस!"

"मग कुमारिकांचे खडक उजवीकडे असतील."

"ते उजवीकडे आहेत, पण ते असे तुक्का मारून बरोबर सांगू नकोस! तिथे पोचायच्या आधीच बोट कुठे लागलेली हवी ते सांग."

"पोचल्यावर बघू की."

रिंस्के, त्या माणसाचा चेहरा तू पाहायला हवा होतास. उठून उभा राहिला. "पोचल्यावर बघू? पोचल्यावर? ही चढाची नदी नाही बये, इथे पोचलीस की संपलं! इथे दोन वळणं आधी ठरवायचं असतं!" आणि मग सांक्ट गोअरपर्यंत थांबले नाहीत. हात असा आडवा धरून, बोट कशी तिरपी घ्यायची, मागचा भाग कसा बाहेर फेकला जातो, सगळं. माझे बटाटे सोलून सोलून गोट्यांएवढे झाले.

दुसऱ्या खेपेला मी नव्या चुका तयार करून नेल्या. चुकायलासुद्धा अभ्यास करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय चांगली चूक सुचत नाही. हेही तुझ्या पुस्तकात असेल.

आई


मानहाइम, १७ ऑगस्ट

लाडके,

आता चुकीचं बोलावं लागत नाही. जेवण झालं की बाबाच म्हणतात, "चल, कुठून निघायचं?" मी म्हणते काउबहून, किंवा लोर्खहून, किंवा चिठ्ठी काढते. मग ते डोळे मिटतात आणि मी सांगायला लागते. चुकले की बोटांनी टेबलावर टकटक करतात, उत्तर देत नाहीत. "आठव," म्हणतात. "मी सांगितलं तर माझंच राहील."

काल मी म्हटलं, "वीब्रन, डोळे कशाला मिटतोस? दमतोस का?" तर म्हणाले, "मिटल्यावर डावा काठ दिसतो मला."

त्यांचा हात धरून बसले जरा वेळ. हल्ली ताट फिरवलं की ओळखतात, आणि ओळखलं असं दाखवत नाहीत.

तुझा कोरा कागद भरून पाठवला होता तो परत आला, आणि पहिल्यांदाच त्यावर लाल काही नाही. टेबलावर ठेवून मी भांडी घासत होते. बाबांनी उचलला, उजवीकडे नेऊन पाहिला. मागचं "शाबास. आता झोप नीट घे" वाचलं. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. तुला इतकं सराईत खोटं बोलता येत नाही. ही त्या पोरीची अक्कल."

मी म्हटलं, "हो. तिचीच."

"मला चिडवून नदी वदवून घेतली."

"हो."

म्हणाले, "हं." आणि पाइप शोधायला उठले, जो त्यांच्या डाव्या हाताला पडला होता. शोधून दिल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "जेवते का ती नीट?"

जेवतेस ना?

आई


कोब्लेंझ, १४ सप्टेंबर

माझ्या रिंस्के,

झाले पास.

तेच टेबल, तेच तिघे. चष्मेवाला म्हणाला, "बाई, या वेळी आधी वर जाऊ या का?" मी म्हटलं, "नको साहेब, आधी खालीच येऊ." त्याने मधूनच विचारलं, बाखाराखपासून, धुकं उतरतंय म्हणून. मी डोळे मिटले. लोरेलायच्या वळणाच्या आधी मी म्हटलं, "आता गती सांभाळ गं बये, पोचल्यावर काही बघता येत नाही," आणि हे मोठ्याने बोलून गेले हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं. कागदावर सही करताना चष्मेवाला म्हणाला, "हा आवाज तुमचा नव्हता, पण माणूस जाणता आहे." म्हटलं, "दोन आहेत. दुसरी तुम्हाला ऐकू आली नाही."

डोर्ड्रेख्टवाल्याला फोन मी केला. फार गोड बोलले. आन्त्ये कुठे जात नाही.

आता मुख्य गोष्ट. मी कचेरीतून धक्क्यावर आले तर बाबा दिसेनात. डेटमर मागच्या झेंड्याच्या काठीपाशी उभा राहून वर बघत होता, आणि बाबा शिडीवर! अर्धं दिसणारा माणूस शिडीवर! मी ओरडणार तेवढ्यात पाहिलं. झेंड्याच्या वर, टोकाला, तुझं दप्तर.

तपकिरी, फाटक्या बंदाचं. गेल्या वर्षी जूनमध्ये तू शाळा पास होऊन ते काठीला लावायला घेऊन आलीस, आणि बाबा म्हणाले, "ज्या दप्तराने पोर बोटीवरून नेली, ते बोटीवर लटकणार नाही." तू तिथेच टाकून गेलीस. मध्ये पडले म्हणून मी दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. मला वाटत होतं, त्यांनी ते पाण्यात फेकलं असेल. पुढच्या खोलीत त्यांच्या कपड्यांखाली होतं. पॉलिश केलेलं होतं, रिंस्के. आजचं पॉलिश नाही, जुनं.

मी खालून म्हटलं, "वीब्रन, पास मी झालेय. माझ्याकडे दप्तर नाही म्हणून पोरीचं लावलंस का?"

वरूनच म्हणाले, "तुला कुणी शिकवलं? मग ज्याचं दप्तर त्याचा मान." खाली उतरले, श्वास लागला होता, आणि म्हणाले, "उजव्या बाजूला लावलंय. मला दिसेल असं. सव्वा वर्ष उशीर झालाय, तिला लिही."

म्हणून लिहितेय. तूच म्हणतेस ना, आठवायला वेळ लागला की जास्त टिकतं.

शनिवारी दुपारी नायमेखनच्या पुलाखालून जाऊ. रेती भरून, उताराला, आणि सुकाणू माझ्याकडे. दप्तर लांबून दिसेल. जमलं तर पुलावर ये; खाली धक्क्यावर आलीस तर मी बोट लावेन, पाणी ओढत असलं तरी लावेन, आता मला येतं. वाटाण्याचं सूप आहे. साखरेचा डबा लपवलाय.

भोंगा मात्र या वेळी माझ्याकडे नाही. बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, तो तेच वाजवणार आहेत.

तुझी आई